बद्धकोष्ठतेवर प्रोबायोटिक्स: नागपूरच्या उन्हातही टिकेल अशी चार आठवड्यांची पद्धत

पोट साफ होत नाही अशी तक्रार औषधाच्या दुकानात सांगितली, की काउंटरवर हाताशी असेल ती प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत जंतूंची, कुपी किंवा पुडी पुढे येते. ती बहुधा जुलाबासाठीची असते. बॅसिलस क्लॉसीच्या प्लास्टिकच्या छोट्या कुप्या आणि सॅकॅरोमायसिस बोलार्डी या यीस्टच्या पुड्या मुख्यतः जुलाबासाठी किंवा अँटिबायोटिकमुळे बिघडलेल्या पोटासाठी दिल्या जातात. मळ खड्यासारखा घट्ट झालेल्या माणसाला त्यांनी आराम पडतो याचा भक्कम पुरावा नाही. चार दिवस कुपी घेऊन काही झालं नाही, की प्रोबायोटिकच निरुपयोगी ठरवून माणूस पुन्हा चूर्णाकडे वळतो. चुकीची जात, चार दिवसांची मुदत आणि उन्हात तापलेली पुडी, या तीन कारणांनी बरेच प्रयोग सुरू होण्याआधीच फसलेले असतात. ते टाळून प्रयोग नीट कसा करायचा, ते इथे मांडलं आहे. सगळं प्रौढांसाठी आहे. लहान मुलांचं गणित वेगळं असतं.

फायदा किती होतो

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2014 साली बद्धकोष्ठतेच्या प्रौढ रुग्णांवरच्या 14 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात एकूण 1,182 जण होते. प्रोबायोटिक घेणाऱ्यांत शौचाची संख्या आठवड्याला सरासरी 1.3 ने वाढली आणि अन्न आतड्यातून पुढे सरकायला लागणारा वेळ सरासरी 12.4 तासांनी कमी झाला. फायदा मुख्यतः बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिसच्या चाचण्यांत दिसला. लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा, म्हणजे छोट्या बाटलीतल्या गोड आंबवलेल्या दुधातला जंतू, त्यात तसा खरा उतरला नाही. पुढे 2024 साली बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिसचाच ‘एचएन019’ हा स्ट्रेन (जातीतला उपप्रकार) 8 आठवडे देऊन झालेल्या चाचणीत खरी पुडी नकली पुडीपेक्षा सरस ठरली नाही.

यावरून अपेक्षा ठरवा. आठवड्यातून दोनदा होणारं शौच तीनदा-चारदा होईल, मळ थोडा मऊ पडेल, कुंथणं कमी होईल. काहींना एवढंही होणार नाही. रात्री घेतलं आणि सकाळी मोकळं झालं, असं यात होत नाही; ते काम रेचकाचं. हे जंतू आतड्यात लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्लं तयार करतात, तिथली आम्लता वाढते, इतर जंतूंची वस्ती बदलते आणि आतड्याच्या हालचालीला चालना मिळते. याला दिवस नव्हे, आठवडे लागतात.

आधी कोणी डॉक्टरकडे जायचं

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रक्तक्षय, पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, किंवा आजवर नियमित असलेल्या सवयीत अचानक आणि टिकून राहिलेला बदल: यातलं एक जरी असेल, तर आधी तपासणी. पोट फुगून ताठ झालं, वायूसुद्धा सरत नाही आणि उलट्या होताहेत, तर आतड्याला अडथळा असू शकतो. अशा वेळी एरंडेल, एनिमा काहीही न देता थेट मेयो, मेडिकल (नागपूरची सरकारी रुग्णालयं) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जा.

प्रोबायोटिक हे जिवंत जंतू आहेत. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, मोठ्या शिरेत कॅथेटर बसवलेले, हृदयाच्या झडपेचा आजार असलेले, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेत तर मुळीच नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत अशा रुग्णांना प्रोबायोटिक दिल्यावर मृत्यू वाढले होते.

आणखी एक गट आहे, त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. मळ मऊ असूनही बाहेर येत नाही, गुदद्वाराशी अडकल्यासारखा वाटतो, बोटाने काढावा लागतो, असं असेल तर दोष बहुधा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा असतो. कुंथताना ते सैल पडायच्या ऐवजी आवळले जातात. जंतू गिळून हे स्नायू सुधारत नाहीत. त्यासाठी गुदाशयाच्या दाबाची मॅनोमेट्री तपासणी आणि बायोफीडबॅक नावाचा स्नायूंचा सराव लागतो. गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टला हे लक्षण लाज न बाळगता स्पष्ट शब्दांत सांगा, कारण अर्धं निदान त्यातूनच होतं.

पहिला आठवडा: फक्त नोंद

काहीही सुरू करण्याआधी सात दिवस वहीत लिहा. तारीख, शौचाची वेळ, मळाचा प्रकार, कुंथावं लागलं का, पूर्ण मोकळं वाटलं का, आणि त्या दिवशी चूर्ण किंवा गोळी घेतली होती का. मळाच्या प्रकारासाठी 1997 साली प्रसिद्ध झालेला ब्रिस्टल तक्ता वापरा: 1 म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, 2 म्हणजे गाठीगाठींचा जाड सांडगा, 3 म्हणजे भेगा असलेला, 4 म्हणजे मऊ आणि अखंड, 5 ते 7 म्हणजे क्रमाने ढिला ते पाण्यासारखा. आपल्याला 3 किंवा 4 हवा.

आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं ही ढोबळ खूण आहे. पण रोज जाऊनही दर वेळी खडेच पडत असतील आणि मोकळं वाटत नसेल, तर तीही बद्धकोष्ठताच. उलट दोन दिवसांतून एकदा, मऊ, विनात्रास होत असेल तर काही बिघडलेलं नाही. रोज सकाळी झालंच पाहिजे या धास्तीने घेतलेल्या चूर्णांनीच पुष्कळांचं पोट बिघडलेलं असतं.

याच आठवड्यात औषधांचा डबा उघडून पाहा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ॲल्युमिनियम असलेली अँटासिड, ॲमिट्रिप्टिलिन, रक्तदाबाची काही औषधं, ही सगळी मळ घट्ट करू शकतात. स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना पर्याय विचारा. थायरॉइड आणि साखर बऱ्याच दिवसांत तपासली नसेल, तर तीही तपासून घ्या.

पाणी आणि चोथा: याशिवाय पुडी फुकट

प्रोबायोटिक जंतूंना खायला चोथा लागतो. तो नसेल तर त्यांचा परिणाम कमी पडू शकतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार 2,000 कॅलरीच्या आहाराला दिवसाला सुमारे 30 ग्रॅम तंतू, म्हणजेच हा चोथा, हवेत. सकाळी तर्री-पोहे, दुपारी पांढरा भात-वरण आणि रात्री सावजी रस्सा-पोळी असा दिवस गेला तर यातलं निम्मंही पोटात जात नाही. तर्रीत आणि सावजीत तिखट-तेल भरपूर, भाजी नाममात्र.

मोठे बदल लागत नाहीत. रात्रीच्या पोळीऐवजी ज्वारीच्या दोन भाकरी घेतल्या, तर त्यातूनच दहा-बारा ग्रॅम तंतू मिळतात. भाजलेल्या जवसाची चटणी एक मोठा चमचा, म्हणजे आणखी दोन ग्रॅम. विदर्भात ही घरोघरी होते, ती रोजची करा. अंबाडी, चवळी, पालक यांतली एक भाजी दोन्ही वेळा. आंबिया आणि मृग बहाराची संत्री बाजारात असताना रोज दोन, पण सोलून, पांढऱ्या धाग्यांसकट आणि चोथा न थुंकता. गाडीवरच्या संत्र्याच्या रसात तो चोथा गाळणीत राहून जातो. बाकीच्या दिवसांत पेरू किंवा पपई.

एवढं जमत नसेल तर इसबगोल: रात्री एक मोठा चमचा, साधारण 5 ग्रॅम, पूर्ण पेलाभर म्हणजे 250 मिली पाण्यात कालवून लगेच प्यायचा आणि वर आणखी अर्धा पेला पाणी. कमी पाण्यात घेतला तर तो आत फुगून अडकतो आणि दुखणं वाढवतो. गिळायला त्रास होत असेल तर इसबगोल नको. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

तंतू एकदम वाढवू नका. आठवड्याला पाचेक ग्रॅम या गतीने वाढवा. प्रोबायोटिक आणि भरमसाट चोथा एकाच दिवशी सुरू केला की पोट ढोलासारखं फुगतं आणि कशामुळे फुगलं ते कळत नाही. म्हणून आहाराची घडी दोन आठवडे आधी बसवा, मग पुडीला हात लावा. प्रयोगाचे चार आठवडे तिथून मोजायचे.

पाणी एरवी दोन-अडीच लिटर, एप्रिल-मेमध्ये तीन किंवा जास्त. इथल्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी घामावाटे जातं, मोठं आतडं मळातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं आणि खडा तयार होतो. बऱ्याच जणांचा त्रास नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, वाढतो तो यामुळेच. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

कोणतं घ्यायचं: लेबल कसं वाचावं

लेबलवर जंतूचं नाव तीन भागांत हवं: वंश, जात आणि स्ट्रेन. ‘बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस’ ही झाली वंश आणि जात. त्यापुढचा ‘बीबी-12’ किंवा ‘एचएन019’ असा अक्षर-आकड्यांचा तुकडा म्हणजे स्ट्रेन. चाचण्या स्ट्रेनवर होतात. तो तुकडाच नसेल, तर आत नेमकं काय आहे आणि त्याची कधी परीक्षा झाली का, हे कुणी सांगू शकत नाही. ‘दहा प्रकारचे जंतू’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या डबीपेक्षा एक-दोन ओळखीच्या स्ट्रेनची साधी डबी आम्ही निवडू. पहिला प्रयोग बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस असलेल्या उत्पादनाने करा. ‘बिफिडोबॅक्टेरियम ॲनिमॅलिस, उपजात लॅक्टिस’ असं लांब नाव दिसलं तरी ते तेच.

नावांचा एक घोळ आपल्याकडे जुना आहे. बऱ्याच भारतीय गोळ्यांवर ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस’ असं छापलेलं असतं. तो खरं तर बॅसिलस कोॲग्युलन्स. जुनं नाव चिकटून राहिलं आहे. हा बीजाणू करणारा जंतू असल्याने उष्णता चांगली सोसतो आणि दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय म्हणून चालतो, पण बद्धकोष्ठतेवर त्याचा पुरावा तुटपुंजा आहे.

आता संख्या. ती सीएफयूमध्ये असते, म्हणजे वसाहत करू शकणाऱ्या जिवंत जंतूंची गणती. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत दिवसाच्या मात्रेला किमान 10 कोटी अपेक्षित आहेत. चाचण्यांत मात्र बहुधा शंभर कोटी ते दोन हजार कोटी, म्हणजे 1 ते 20 बिलियन वापरले गेले. दिवसाच्या मात्रेत 5 ते 10 बिलियन असलेली डबी पुरेशी. ही संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की बनवताना मोजलेली, ते वाचा. बनवतानाची असेल तर दुकानातल्या सहा महिन्यांत किती उरले, ते छपाईवरून कळत नाही. एफओएस किंवा इन्युलिन घातलेलं असेल तर ते जंतूंचं खाद्य आहे. पोट आधीच वायूने फुगत असेल तर सुरुवातीला ते नसलेलं घ्या.

नागपुरात ठेवायचं कसं

मेमध्ये बाहेर 45 अंश, बंद गाडीत आणि स्कूटरच्या डिकीत त्याहून बरंच जास्त. लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडो गटातले जंतू अशा तापात झपाट्याने मरतात. कॅप्सूल दिसायला तशीच राहते, आतला माल मात्र निर्जीव झालेला असतो. म्हणून एप्रिल ते जूनमध्ये खरेदी सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी उशिरा. वातानुकूलित किंवा फ्रिज असलेल्या दुकानातून घ्या आणि थेट घरी या. सीताबर्डीत डबी घेऊन पुढे दोन तास इतवारीत फिरायचं नाही. लांब जायचं असेल तर बर्फाच्या पॅकसोबत छोटी थर्मल पिशवी ठेवा. ऑनलाइन मागवलेलं पार्सल किती वेळ कुठल्या टेंपोत तापलं ते कळत नाही, त्यामुळे उन्हाळ्याचे तीन महिने तो मार्ग टाळलेला बरा.

घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नव्हे. दार उघडझाप होताना तिथलं तापमान सारखं हलतं. ‘25 अंशांखाली ठेवा’ असं लेबलवर असेल तर नागपुरात त्याचा अर्थ वर्षातले बहुतेक महिने फ्रिज असाच होतो. जंतूंचा दुसरा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं, ओल्या हाताने कॅप्सूल काढली, सिलिकाची पुडी फेकून दिली, की पावडर ओलावते. गठ्ठा झालेली पुडी घेऊ नका.

घ्यायचं कसं

रोज एकदा, एकाच वेळी, जेवणासोबत किंवा जेवणाआधी अर्धा तास. अन्नामुळे, विशेषतः त्यातल्या थोड्या दूध-तुपामुळे, जठरातल्या आम्लातून जास्त जंतू तगून पुढे जातात. पुडी असेल तर साध्या पाण्यात, गार दुधात किंवा दह्यात. गरम चहा, कढत दूध, वाफाळती खिचडी यांत कधीही नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन-तीन तासांचं अंतर.

एका वेळी एकच उत्पादन, आणि किमान चार आठवडे. पहिल्या आठवड्यात वायू वाढणं, पोट गुरगुरणं सामान्य आहे. फारच झालं तर चार दिवस निम्मी मात्रा करून पुन्हा पूर्ण करा. ताप, पुरळ किंवा सतत दुखणारं पोट हे मात्र सामान्य नाही. थांबा आणि दाखवा.

आधीपासून रेचक घेत असाल तर पहिल्या दोन आठवड्यांत ते तसंच राहू द्या. मग मळ 3-4 प्रकाराचा व्हायला लागला की एक दिवसाआड करा, पुढे आठवड्यातून दोनदा. सोनामुखीचं चूर्ण रोज घेणाऱ्याने ते एका दिवसात बंद केलं की आठवडाभर काहीच होत नाही आणि दोष प्रोबायोटिकच्या माथी येतो.

सकाळी उठल्यावर पाणी आणि थोडं खाऊन पंधरा-वीस मिनिटांत शौचाला बसा. जेवणानंतर मोठं आतडं आपसूक हलतं, त्या वेळेचा फायदा घ्या. दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, मोबाइल बाहेर. कमोड असेल तर पायाखाली 15-20 सेंटिमीटरचा पाट घेऊन गुडघे कमरेच्या वर आणा. भारतीय बैठक असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर ती बदलू नका.

दही आणि ताकाचं काय?

घरचं दही आंबवलेलं, जिवंत जंतूंचं उत्तम अन्न आहे. पण नेमकी कोणती जात, किती संख्येत, हे दर विरजणागणिक बदलतं, म्हणून काटेकोर अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. तरी पुडीचा खर्च नको असेल तर सुरुवात इथूनच करा. दुपारच्या जेवणात वाटीभर दही, किंवा एक वाटी दह्यात दोन वाट्या पाणी घालून घुसळलेलं ताक, भाजलेलं जिरं आणि सांबार (कोथिंबीर) घालून. रक्तदाब असेल तर मीठ चिमूटभरच.

दही जमवताना दूध उकळून 40 ते 42 अंशांवर आणा. स्वच्छ बोट सुखाने दहा सेकंद बुडवून ठेवता आलं पाहिजे. त्याहून फार गरम दुधात विरजण घातलं तर जंतू तिथेच मरतात आणि दही नीट लागत नाही. मेमध्ये लिटरला लहान चमचाभर विरजण आणि चार-पाच तास पुरतात. लागताक्षणी फ्रिजमध्ये टाका, नाहीतर संध्याकाळपर्यंत आंबट ढाण होतं. डिसेंबर-जानेवारीत विरजण दुप्पट-तिप्पट, भांडं जाड टॉवेलात गुंडाळून आठ-दहा तास. दोन-तीन दिवसांत संपवा. विकतच्या प्रोबायोटिक दह्याचं विरजण लावून घरी तोच स्ट्रेन टिकतो, असं समजू नका. पहिल्या खेपेला काही उतरला तरी पुढे इतर जंतू त्याला मागे टाकतात.

आणि शिजवलं की जंतू संपले. कढी, ज्वारीची आंबील, इडली हे सगळं पचायला चांगलं, पण त्यात जिवंत काही उरत नाही. मठ्ठ्याला फोडणी द्यायचीच असेल तर फोडणीचं कढलं खाली उतरवून, कोमट झाल्यावर वरून घाला. बाटलीतल्या गोड पेयांत साखर किती ते मधुमेहींनी लेबलवर पाहूनच घ्यावं. दुधाने पोट बिघडणाऱ्यांना ताक बहुधा चालतं, कारण आंबताना लॅक्टोज बरंच कमी होतं.

चार आठवड्यांनंतर

वही काढा आणि शेवटच्या सात दिवसांची पहिल्या सात दिवसांशी तुलना करा. आठवड्याला एक जरी पूर्ण मोकळं होणारं शौच वाढलं असेल, किंवा मळ 1-2 वरून 3-4 वर आला असेल, तर गुण आहे. आणखी चार आठवडे चालू ठेवा. मग थांबवून पाहा. हे जंतू आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत; घेणं बंद केल्यावर एक-दोन आठवड्यांत बहुतेक निघून जातात. थांबवल्यावरही सगळं नीट चाललं तर श्रेय भाकरी, जवस आणि पाण्याचं आहे आणि पुडीची गरज नाही. पुन्हा घट्ट झालं तर परत सुरू करायला हरकत नाही.

काहीच फरक नसेल तर दुसऱ्या स्ट्रेनचा एकच प्रयोग, पुन्हा चार आठवडे. तिसऱ्या डबीवर पैसे घालू नका. त्या टप्प्यावर पॉलिइथिलिन ग्लायकॉलसारखं मळ मऊ करणारं औषध जास्त खात्रीचं असतं, आणि ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत बरेच दिवस घेता येतं. लॅक्ट्युलोजही चालतं, पण त्याने वायू होतो. डॉक्टरकडे जाताना वही, रिकाम्या डब्यांची लेबलं आणि चालू औषधांची यादी सोबत न्या. कोणता स्ट्रेन, किती दिवस आणि काय फरक, हे लिहिलेलं असलं की पुढची तपासणी थायरॉइडची, कोलोनोस्कोपीची की मॅनोमेट्रीची, हे ठरवणं सोपं जातं.